जिन्यातला निलगिरीचा वास

४ जानेवारी

भेसळ! चक्क भेसळ! आणि तीही निलगिरीच्या तेलात!

सकाळी नवी बाटली फोडली. नेहमीसारखे रुमालावर दोन थेंब टाकले, चार घड्या घातल्या, नाकाशी धरला — काही नाही. आणखी दोन टाकले. काही नाही. मग बाटलीलाच नाक लावलं. नळाचं पाणी बरं! आठवडाभर सर्दीनं नाक चोंदलं होतं, ते काल कुठे मोकळं झालं. म्हटलं, आता छातीभर घ्यावा वास. तर हे.

उभा जन्म वजनमापं तपासण्यात गेला माझा. पारड्याखाली चिकटवलेलं मेण नुसत्या बोटानं चाचपून काढायचो. मला बघितलं की बाजारात दुकानदारांचे चेहरे उतरायचे. आणि आता निवृत्त झालोय म्हणून हा औषधवाला मलाच पाणी विकतो! उद्या बघतो त्याच्याकडे.

रुमालाची सवय हिनं लावलेली. कामावर निघालो की दारातच अडवायची. "थांबा. रुमाल द्या." दोन थेंब, चार घड्या, वरच्या खिशात. गोदामांतल्या धुळीत दिवस जायचा माझा, म्हणून. मी म्हणायचो, सर्दी कुठे झालीय? "झाल्यावर कशाला? होऊच नये म्हणून." ती गेली, मग रुमाल मीच भरायला लागलो. आता काम नाही, गोदाम नाही. खाली जाऊन पेटीतला पेपर आणायचा, एवढीच काय ती मोहीम. तरी रुमाल लागतो. तो वास आला की क्षणभर वाटतं, ही दारात उभी आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिलं.

५ जानेवारी

औषधवाल्याशी कडाक्याचं भांडण.

बाटली त्याच्यासमोर आपटली. "हे काय विकता?" त्यानं उघडली, हुंगली, मान झटकन मागे घेतली. काय नाटकं! म्हणाला, "काका, चांगली कडक आहे की." मी म्हटलं, मला शिकवू नका. तर म्हणतो, "तुमच्याच डोळ्यांत पाणी आलंय वासानं, आणि तुम्ही म्हणता वास नाही!" म्हटलं, हे पाणी रागाचं आहे. रांगेतली दोन-चार माणसं हसली. तसाच तरातरा निघालो आणि पलीकडच्या दुकानातून दुसरी बाटली घेतली.

येताना जिन्यात खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. कात्रीबाई. शिवणकाम करतात, गळ्यात सुतळीनं कात्री लटकवलेली असते — आणि जीभही तशीच, म्हणून मी ठेवलेलं नाव. हे रोजचंच आहे त्यांचं. सकाळी मी पेपर आणायला उतरलो की दार बोटभर उघडतं, आतून एक नाक वर होतं, एक डोळा माझ्याकडे बघतो आणि दार बंद! नमस्कार नाही, चमत्कार नाही. निलगिरीचा एवढा त्रास होतो तर नाक शिवून घ्या म्हणावं, मशीन घरचंच आहे. ही होती तेव्हा दोघींचं बरं होतं. माझ्याशी मात्र कधी चार शब्द नाहीत.

६ जानेवारी

पलीकडची बाटलीही तसलीच. सगळे सामील आहेत!

८ जानेवारी

दूध करपलं. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेलो. धूर दारातून आत आला तेव्हा कळलं. पातेलं घासून घासून हाताची सालटी निघाली. एवढं करपेपर्यंत कसं काही कळलं नाही?

संध्याकाळी हट्टाला पेटून वाफारा घेतला. उकळत्या पाण्यात तेल ओतलं — थेंब नव्हे, चांगलं ओतलंच — आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन बसलो. डोळ्यांची अशी आग झाली की टॉवेल फेकून न्हाणीघराकडे धावलो. तोंड धुताना मनात आलं: पाण्यानं डोळे कसे झोंबतील? मग म्हटलं, नको तो विचार. झोपावं.

९ जानेवारी

शेवटी तपासणी केली. रीतसर.

तेलाची एक जुनी परीक्षा आहे. निलगिरीचं खरं तेल उडून जातं. कोऱ्या कागदावर थेंब टाकायचा आणि वाट बघायची. खायचं-बियचं तेल मिसळलेलं असेल तर डाग उरतो, पाणी असेल तर कागद फुगतो. दोन्ही बाटल्यांचा एकेक थेंब कागदावर टाकून कागद खिडकीत ठेवला. चहा केला, प्यायलो, कप धुतला. येऊन बघतो तर कागद सपाट आणि कोरा. उजेडाशी धरला, पालथा केला. कोरा!

तेल खरं आहे. दोन्ही बाटल्यांतलं. खोटं आहे ते माझं नाक.

मग घरभर हुंगत हिंडलो. साबण, कांदा, फिनेल, चपलांचं कपाट. काही नाही. शेवटी हिची लोकरीची शाल काढली. कसर लागू नये म्हणून ती घडीत निलगिरीचा बोळा ठेवायची. मीही तो बोळा बदलत आलोय. शालीत तोंड खुपसलं. नुसती लोकर. टोचणारी. ती कुठेच नव्हती. खूप रडलो. ती गेली त्या दिवशी माणसं होती आजूबाजूला, तेव्हा एवढा रडलो नव्हतो.

१० जानेवारी

कान-नाक-घशाचा डॉक्टर. पोरगेलासा आहे, पण बोलला नीट. सर्दीनंतर वास जातो कधी कधी. बहुतेकांचा परत येतो. काहींचा नाही. कधी येईल, सांगता येत नाही. उपाय काय, तर रोज सकाळ-संध्याकाळ बाटली हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. वाफाऱ्याचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. वर बजावलं, "काका, तेल चुकूनही पोटात घेऊ नका."

निघताना विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग गॅस तेवढा सांभाळा."

११ जानेवारी

रविवार, म्हणजे लेकीचा फोन. सांगितलं. सांगायला नको होतं. "बाबा, गॅस चालू राहिला तर? कळणार तरी कसं? बस झालं आता, इकडे या राहायला." तिच्याकडे सगळे सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. तिथे मी बंद घरात बसणार, इथेही बंद घरातच बसतो. फरक एवढाच की इथलं दार मला माहीत आहे — ही ज्यात उभी राहायची ते.

रुमालाचं तिला सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी आई मला वासात भेटायची, असं?

१२ जानेवारी

औषधवाल्याची माफी मागितली, भर दुकानात. "जाऊ द्या हो काका," म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१७ जानेवारी

हुंगतो. आठवतो. हुंगतो. आठवतो. मला "निलगिरी" हा शब्द आठवतो, बाटली आठवते, हिची बोटं आठवतात बूच फिरवणारी. वास आठवत नाही. वास आठवायचा कसा असतो, हे डॉक्टरनं सांगितलंच नाही.

भीती वाटते. आज वास गेला, उद्या आवाज जाईल हिचा. "थांबा. रुमाल द्या." — हे अजून ऐकू येतं. आज मुद्दाम मोठ्यानं म्हणून बघितलं. तर तो माझाच आवाज!

२० जानेवारी

बंद. पुरे झालं हे नाटक. बाटल्या फडताळात मागे ढकलल्या. रुमाल कोरा घातला खिशात, मग तोही काढला. खाली गेलोच नाही. पेपर वाचून तरी कोणते दिवे लावायचेत?

२१ जानेवारी

पडून होतो. फोन नाही, बेल नाही. मी इथे असलो काय आणि नसलो काय!

२२ जानेवारी

सकाळी बेल. एकदा नाही, कुणीतरी बोट काढायलाच तयार नाही. मग दारावर थापा. धडपडत उठलो, उघडलं. कात्रीबाई! गळ्यात कात्री, खांद्यावर टेप, धापा टाकताहेत.

"आहात ना?"

"आहे."

"मग तसं ओ तरी द्या! जिना चढून गुडघे गेले माझे."

"काय झालं?"

"काय झालं काय? वास कुठाय तुमचा?"

मला काही कळेना. बाई कठड्याला धरून दम खात होत्या आणि एकीकडे बोलत होत्या. "रोज सकाळी तो तुमचा औषधी वास जिन्यात आला की दार उघडून बघते. धड उतरलात ना, एवढंच. मग बसते मशीनवर. वहिनी गेल्यापासून हेच चाललंय. परवा वास नाही, काल नाही. पेटीत पेपर तसेच. म्हटलं, आता दार फोडायला माणसं बोलवावी लागतात की काय!"

"मला वाटायचं, तुम्हाला त्रास होतो त्या वासाचा."

"होतोच! केवढा तो उग्र. शिंका येतात मला. पण कळतं ना!"

मग सांगितलं सगळं. सर्दी, नाक, डॉक्टर. आणि काय झालं कुणास ठाऊक, रुमालाचंही सांगितलं. हिचंही. लेकीला जे सांगता आलं नाही ते ह्यांना, दारात उभ्या उभ्या! म्हटलं, मला वासच येत नाही, मग लावायचं कशाला, म्हणून बंद केलं.

बाईंनी फटकारलंच. "तुम्हाला नाही येत. मला येतो ना!"

आणि उतरल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

२३ जानेवारी

दोन थेंब, चार घड्या, वरचा खिसा. उतरलो. खालचं दार बोटभर उघडलं. नाक. डोळा. बंद.

मला वास नाही आला. पण पेपर घेऊन वर येताना जिन्यातच हसत होतो.

२८ जानेवारी

रोज जातो. काल जरा उशीर झाला तर दारातून आवाज, "आज काय मुहूर्त नव्हता का?" लेकीला कळवलं, येत नाही. म्हटलं, इथे माझ्यावर पहारा आहे.

४ फेब्रुवारी

आज दार उघडलं नाही. जिन्यात उभा राहिलो. खाकरलो. रुमाल काढून दारासमोर झटकला — येडाच मी! मशीनचाही आवाज नाही. बेल दाबली आणि दाबूनच धरली. बऱ्याच वेळानं बाई आल्या, शाल गुंडाळून, नाक लालभडक. मला बघून भिंतीला टेकल्या. "अहो, आहात! पहाटेपासून सर्दीनं नाक बंद. वास आला नाही, वर चढायचं त्राण नाही, मला वाटलं, गेलात तुम्ही!"

वर जाऊन बाटली आणली. त्यांच्याच ओट्यावर पाणी उकळलं. या वेळी मोजून दोन थेंब. टॉवेल त्यांच्या डोक्यावर घातला आणि समोर बसून राहिलो. पुष्कळ वेळानं आतून आवाज आला, "आला. आला वास."

"कसा आहे हो?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

टॉवेलाखालून बाई म्हणाल्या, "कसा म्हणजे? तुम्ही जिना उतरताय असा."