माझ्या वजनाचा टायर

प्रिय ताई,

आईला पोस्टमन करून आपण दोघांनी तिचा फार छळ केला. तू तिला सांगायचं, तिने मला सांगायचं, मी गुरगुरायचं आणि ते गुरगुरणं गोड करून तिने तुला पोचवायचं. त्यात ती पदरचंही घालते. मागे 'ताई विचारत होती, वेळेवर जेवतोस ना' असा निरोप आला, तेव्हाच मी ओळखलं की यातलं एक अक्षर तुझं नाही. तू विचारलं असतंस तर परीक्षेचंच विचारलं असतंस. फोन करणार होतो, पण फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं. कागदाचं बरं असतं, तो मध्येच तोडत नाही. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव आणि सगळं वाच. मधलं गाळून शेवटाला उडी मारू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

मी सायकलच्या दुकानात आहे हे आईने सांगितलंच असेल, 'तात्पुरता' हा शब्द जोडून. तात्पुरता नाही. दुकान बोळासारखं लांबट आहे. पुढे नव्या सायकली, मागे आमचं कामाचं बाकडं, आणि छताखालच्या आडव्या दांड्यांवर टांगलेले टायर. रबराचा वास कपड्यांतून जात नाही. आई म्हणते, आधी तुझा वास घरात येतो, मग तू. मालकांना सगळे काका म्हणतात. अंगाने भारदस्त, बोलणं त्याहून वजनदार. पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकावर खेकसलो, तर त्यांनी मला काढून टाकलं नाही, फक्त बाकड्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. आता मी भिंतीवर ओरडतो. भिंत उलटून बोलत नाही, त्यामुळे मी सुधारतोय, असं त्यांचं मत आहे.

शहरामागच्या टेकडीवरची डोंगरी सायकलींची वाट पावसाळ्यानंतर बंद असते. माती पक्की वाळली की उन्हाळ्याच्या तोंडाला ती उघडतात, आणि त्या दिवशी आमच्या सायकल मंडळातले सगळे जोडीजोडीने उतरतात. त्याला एक नियम आहे. उतरण्याआधी आपल्या टायरची हवा आपण तपासायची नाही, जोडीदाराने अंगठ्याने दाबून बघायची. त्याने मान हलवली तरच निघायचं. काका म्हणतात, माणूस स्वतःच्या चाकाबद्दल कधी खरं बोलत नाही. त्यामुळे तुमची जोडी कोणाबरोबर हा प्रश्न आमच्याकडे फार नाजूक आहे. लोक महिनाभर आधीपासून अंदाज बांधत असतात. यंदा मला एकाच माणसाची जोडी हवी होती, आणि ती मिळणार नाही अशी सगळी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने केली. तेच सांगतोय.

आम्ही तिला काचवाली म्हणतो. चौकातल्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे ती चष्म्याच्या काचा घासते. सडपातळ, केस वर बांधलेले, बोटांच्या टोकांना कायम पांढरी भुकटी. हसताना आधी डावा डोळा बारीक होतो. ताई, पुढचं वर्णन मी लिहिलं होतं, पान फाडून टाकलं. तू ते कोणाला तरी वाचून दाखवशील याची मला खात्री आहे. एवढंच सांगतो की ती दुकानात आली की मी बरोब्बर लावलेला नट पुन्हा सोडवून पुन्हा लावत बसतो.

ती आली ती उन्हाळ्यासाठी टायर मागायला. तिला पळणारे टायर हवे होते, पुढे-मागे दोन्ही. म्हणजे ज्यांचे रबरी दात बुटके आणि एकमेकांना चिकटून असतात, जमिनीला फार धरत नाहीत, पायडल थोडं मारलं तरी चाक घरंगळत राहतं. आता यात तिचं काही चूक नव्हतं. पावसाळ्यात चिखल धरायला उंच दातांचे टायर लागतात, तेच उन्हाळ्यात ठेवले तर चढावर जीव जातो, जणू कोणी मागून सायकल धरून ठेवलीय. पण उन्हाळ्यातली आमची वाट सोपी नाही. खाली दगडासारखी माती आणि वर बारीक कच. वळणावर पुढचं चाक त्या कचेवरून सरकलं की माणूस थेट खाली. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की गेलं. म्हणून मागे पळणारा लाव, पुढे धरणारा लाव, असं मी म्हणालो. इतपत मी शहाण्यासारखा बोललो. ती म्हणाली, पुढचा जड नको, माझे हात भरून येतात. मी म्हणालो, मी स्वतः चालवून बघतो आणि मग देतो. तिच्याकडे न बघता, टायरकडे बघून म्हणालो. काका मागे उगाच खोकले.

वाट बंद असली तरी टेकडीच्या कडेचा सरावाचा उतार खुला असतो, वळणं आणि कच तशीच; मग मी चार संध्याकाळी तिथे गेलो. टायर माझ्या सायकलला चढवायचा, उतरायचं, थोडी हवा कमी करायची, पुन्हा चढायचं. एवढा अभ्यास मी कॉलेजात केला असता तर आज आपण बोलत असतो. शेवटी एक टायर सापडला. दात ऐसपैस, कडेचे जरा उंच, आणि एका ठरावीक हवेला तो वळणावर असा चिकटून जायचा की मला एकट्यालाच हसू यायचं. तोच तिच्या पुढच्या चाकाला बसवला, तेवढीच हवा भरली, आणि निघताना तिला बजावलं की या हवेला हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. त्या रात्री मला काय शांत झोप लागली.

रविवारी त्याच उतारावर ती दुसऱ्याच वळणावर पडली. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. सायकल ढकलत दुकानात आली आणि म्हणाली की टायर दगडासारखा कडक आहे, कचेवर बसतच नाही, उड्या मारतो. ताई, तिला लागलंय हे मला दिसत होतं. पण तोंडातून काय निघालं असेल? मी म्हणालो, टायर उत्तम आहे, मी चार दिवस चालवलाय, चालवणाऱ्याला वळता येत नसेल तर टायर काय करणार. दुकान भरलेलं होतं. तुझा भाऊ म्हणजे जिभेला हाड नाही आणि वेळेचं भान नाही.  ती सायकल भिंतीला लावून निघून गेली. संध्याकाळपर्यंत बातमी आली की पोहायला शिकवणारा जो शिट्टीमास्तर आहे, त्याने तिला जोडीसाठी विचारलंय आणि तिने विचार करते म्हणून सांगितलंय. तो शिट्टीमास्तर दिसायला बरा आहे, तुला आवडला असता. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर भिंतीवर ओरडलो. काकांनी एकदाच मान वर केली आणि म्हणाले की भिंतीची काही चूक नाही.

दोन दिवस टिकलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खोलीवर गेलो, भांडण पुरं करायला की मिटवायला, हे माझं मलाच ठरलेलं नव्हतं. खोली छोटी. खिडकीखाली घासायचं यंत्र, त्यावर पाण्याची बारीक धार, भिंतीला ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये एका माणसाचा चष्मा. हाताला पट्टी बांधून ती काम करत होती. मी सुरुवात केली की टायरचं असं असतं, हवेचं तसं असतं. तिने यंत्र बंद केलं, एका ट्रेमधून जाडजूड चष्मा उचलला आणि माझ्या नाकावर चढवला. म्हणाली, दारापर्यंत जाऊन ये. मी निघालो. जमीन वर आली, दार तिरकं झालं, आणि स्टूल कुठून आलं ते कळायच्या आत माझी नडगी त्यावर आपटली.

"उत्तम चष्मा आहे," ती म्हणाली. "ज्याचा आहे त्याला यातून लख्ख दिसतं. चालणाऱ्याला चालता येत नसेल तर चष्मा काय करणार?"

मी चष्मा काढून हातात धरला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. माझं धूड आणि तिचं शरीर. माझ्या ओझ्याखाली जो टायर दबून कचेला धरत होता, तो तिच्याखाली दबणारच नव्हता. टायर तिच्यासाठी, पण तपासला माझ्या वजनाने, हवा माझ्या वजनाची. चार संध्याकाळी मी एवढा घाम गाळला आणि एकदाही मला सुचलं नाही की तिलाच चालवून बघू दे म्हणावं. हे मी तिला तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, बोलताना तू वाईट आहेस, पण ऐकलंस की बरा असतोस. मग मला चष्मा पुसून ट्रेमध्ये ठेवायला लावला, कारण माझी बोटं उमटली होती.

तिचा गुडघा बरा झाल्यावर आम्ही त्याच सरावाच्या उतारावर गेलो. या वेळी ती चालवत होती आणि मी वळणावर पंप घेऊन बसलो होतो. ती उतरून यायची, सांगायची कुठे सरकल्यासारखं वाटलं, मी थोडी हवा सोडायचो, ती पुन्हा वर जायची. मी निवडलेला पुढचा टायर तिला जडच होता, हवा कमी केल्यावर तर ओढायला आणखी जड. ती म्हणत होती तो बुटक्या दातांचा पुढे लावून बघितला, तो वळणावर खरंच घसरला, तेव्हा मी काही बोललो नाही. ताई, मी काही बोललो नाही, हे वाक्य पुन्हा वाच. शेवटी मधला एक जमला. मधले दात बुटके, कडेचे उंच, वजनाला हलका. मागे तिचा पळणारा. आणि हवा इतकी कमी की मी जन्मात कोणाला दिली नसती. पण ती वळणावर आली, सायकल तिरकी झुकवली आणि शिट्टी वाजवल्यासारखी माझ्या समोरून निघून गेली. धूळ माझ्या तोंडात. मी तिथेच बसून राहिलो, मला फार बरं वाटत होतं.

खाली आल्यावर ती पाणी प्यायली, आणि मग वाकून माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. मागच्यावर दाबला. मान हलवली. मी विचारलं, शिट्टीमास्तर? ती म्हणाली, त्याला कालच नकार दिला, तो स्वतःची हवा स्वतःच तपासतो. बास. एवढंच झालं. तुला यापेक्षा जास्त काही ऐकायचं असेल तर ते माझ्याकडेही अजून नाही, पण मी मजेत आहे.

आता हे तुला का लिहितोय. परत येताना सायकल ढकलत होतो आणि एकदम तू आठवलीस. तुझं कॉलेज, तुझीच शाखा, तुझी पुस्तकं, माझ्या खोलीत आणून लावलेला तुझा टेबलाचा दिवा. प्रवेशासाठी तू रांगेत उभी राहिलीस, मी नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुला माझ्यावर सत्ता गाजवायचीय. पण तू तर तुझ्या पायाखाली जे नीट चाललं होतं तेच माझ्यासाठी आणलंस, स्वतः चालवून बघून, आणि मी कॉलेजात पडल्यावर तुला वाटलं मला वळता येत नाही. माझ्यावर जीव नसता तर तू एवढं केलंच नसतंस, हे आता मला पक्कं माहीत आहे, कारण मीही अगदी तेच केलं. तेव्हा माझा राग गेलाय. तुझा गेलाय की नाही ते तू बघ. पुढच्या महिन्यात वाट उघडते आहे. काकांना दरवर्षी जोडी मिळत नाही, ते फार हळू उतरतात आणि वाटेत झाडांची नावं सांगतात. तुमचं जमेल. मी काल माळ्यावरून तुझी सायकल काढली, साखळीला तेल दिलं, चाकं सरळ केली. टायर अजून घातलेले नाहीत. पळणारा हवा की धरणारा, चढ आवडतो की उतार, हे मला अंदाजाने ठरवायचं नाही. तर उलटटपाली कळव: काय हवंय, आणि तुझं सध्याचं वजन. खरं वजन.

तुझाच,
धाकटा