कारणाचा रकाना

विश्रांतवाडी, पुणे
१४ मार्च १९९९

प्रिय पूर्वा,

सप्रेम जय भीम. तू बंगलोरला सुखरूप पोचल्याचा फोन आईने घेतला. मी मुद्दामच बाहेर होतो. इकडे सगळं ठीक. नळाला दिवसाआड पाणी. शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली आणि ती लावायला जागा आपल्या दारात शोधली. आई माझ्यावर चिडली आहे. चहाचा कप मी तिच्या हातातून घेत नाही, "टेबलावर ठेव" म्हणतो, म्हणून. म्हणते, रिटायर झाल्यावर साहेब झालात.

अमेरिकेची तारीख ठरली का? कॉम्प्युटरला दोन हजार साल शिकवायला माणसं एवढ्या लांब कशाला बोलावतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तुला धायरीच्या सरुबाई आठवतात? तुझ्यासाठी बोरं आणायच्या त्या. आमच्या कारखान्यात गाड्यांचे पोलादी भाग तपासायच्या. भाग हातात घेऊन फिरवायच्या आणि एखादा नापास मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकायच्या. बाहेरून काही दिसायचं नाही, पण कापला की आत बारीक तडा असायचाच. मग परदेशी कंपनीशी करार झाला आणि छापील फॉर्म आले. त्यात 'नापास करण्याचे कारण' असा एक रकाना. मी सुपरवायझर, नियम मीच लावला. कारण लिहिता येत नसेल, तर माल पास.

"कारण काय सांगू सायेब? हात आपसूक मागं येतो," त्या म्हणायच्या.

मी हसायचो. आपल्या घरात लिंबू-मिरची कधी टांगली नाही. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं, पटलं तरच धरायचं, हे तुला मीच शिकवलं. पण पास केलेले भाग तडकून परत येऊ लागले. तेव्हा मी गुपचूप सरुबाईंचं ऐकू लागलो आणि रकान्यात खोटी कारणं भरू लागलो. 'वर ओरखडा', 'माप कमी', जे सुचेल ते.

त्या रिटायर झाल्या, तेव्हा आमचे फोरमन संभाजीराव त्यांना नारळ द्यायला पुढे आले. हाताला हात लागला आणि सरुबाईंचा हात झटकन मागे आला. नारळ पडला, सगळे हसले. बाराव्या दिवशी संभाजीराव जेवताजेवता गेले. हृदयात जन्मापासून दोष होता, तो पोस्टमॉर्टेममध्ये कळला.

मी धायरीला गेलो. "तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कारण इचारलं आसतं. तुमीच शिकवलं न्हवं, कारण न्हाय तर माल पास."

त्यांच्या घरचं पाणीही न पिता मी परतलो.

मग मी कारखान्यात रोज त्यांच्या तपासणीच्या स्टुलावर बसू लागलो. काहीतरी युक्ती असणारच, ती मला शोधायची होती. वजन, आवाज, सगळं पडताळलं. युक्ती सापडली नाही. तिसऱ्या महिन्यात माझाच हात मागे आला. आधी वहीत नोंद करायची, मग भाग कापायचा, असं मी रिटायर होईपर्यंत केलं. एकही नोंद चुकली नाही. तरी 'मला माहीत आहे' म्हणायची हिंमत झाली नाही. ज्याचं कारण देता येत नाही, त्याला माहीत असणं कसं म्हणायचं? फार तर भास म्हणू. पण कधीच न चुकणाऱ्या भासाला काय म्हणतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आता ते लिहितो, जे दोन पानं टाळलं. गाडी सुटताना तू खिडकीतून हात दिलास आणि मी तो एकदम सोडला. तू विचारलंस, "पप्पा, काय झालं?" मी म्हणालो, गज तापलाय. पूर्वा, फलाटावर सावली होती. गज गारच होता.

पोलाद वेगळं, माणूस वेगळं, असं आठ दिवस स्वतःला बजावतोय. पोर लांब चालली, आणि मन चिंती ते वैरी न चिंती, एवढंच असेल. पण मला भीती वाटते. संभाजीरावांचा तो नारळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

फोनवर तू मला वादात हरवशील, म्हणून हे पत्र. विमानात बसण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत तपासून घे. हृदय आधी. डॉक्टर विचारतील, त्रास काय होतो? धाप लागते म्हण, चक्कर येते म्हण, जे सुचेल ते. रकाना भरल्याशिवाय कुणी तपासत नाही. खोटं बोल म्हणून तुझा बाप पहिल्यांदाच सांगतोय.

आईला काही सांगितलेलं नाही. आज सकाळी तिने कप पुढे केला, मी टेबलाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "अहो, कारण तरी सांगा."

मी म्हणालो, कप गरम आहे.

आयुष्यभर तुला कारण विचारत आलेला,
तुझा पप्पा