सत्तावीस पानांचं मौन

२२ जुलै

तीन आकडे. साठ, वीस आणि शून्य.

साठ — गावाला दरवर्षी मिळणारे नरव्हेलचे, त्या लांब सुळ्याच्या देवमाशांचे, टॅग. एक टॅग, एक शिकार. वीस — पुढच्या वर्षीपासून मिळतील तेवढे. वन्यजीव मंडळाचा मसुदा आज फॅक्सने आला. आणि शून्य — यंदा खाडीत दिसलेले नरव्हेल. बर्फ फुटून दोन आठवडे झाले, एक सुळा पाण्याबाहेर आलेला नाही.

मंडळ म्हणतं, गेल्या ऑगस्टमध्ये विमानातून मोजले, फार कमी भरले. तीन दिवस विमान उडालं. त्यातले दोन दिवस धुकं. धुक्यात मोजलं तर आमचं गावही कमीच भरेल.

सुनावणी १२ ऑगस्टला, आमच्याच सभागृहात. शिकारी संघाचा अध्यक्ष मी, तेव्हा भाषण माझं. सरकारशी झालेल्या करारात स्पष्ट छापलंय की शास्त्रज्ञांच्या ज्ञानाला आणि आमच्या, इनुइटांच्या ज्ञानाला समान वजन. वजन! शब्द त्यांनीच निवडलाय. त्यांचा अहवाल एकशे चौदा पानांचा, तराजूत मला काहीतरी टाकायला नको?

वीस टॅग म्हणजे सात घरांत एक नरव्हेल. कातडीखालची चरबी चिकटलेला तो मत्ताकचा तुकडा हिवाळ्यात ताटात नसेल, तर दुकानातली गोठलेली कोंबडी. पंधरा वर्षं भांडतोय ते कोंबडीसाठी नाही.

२४ जुलै

अकरा पानं झाली. सुरुवात ग्रीकांपासून. ज्या प्रजेला विचारून कायदा केला नाही, तो तिने का पाळावा — तिथून थेट आमच्या खाडीत उतरतो.

दुपारी गावच्या रेडिओवर पहिली पाच पानं वाचली. मियाली म्हणाली, "छान झालं. तिसऱ्या पानाला पाण्याच्या टँकरवाल्याने रेडिओ बंद केला, तेवढं सोडलं तर." बायको आहे, दुभाषीही आहे. सरकारी सुनावण्यांत माझ्या भाषणांचं इंग्रजी तीच करते आणि निम्म्यात आटोपते. मी तासभर बोललो तर तिकडे अर्धा तास पोचतो.

२७ जुलै

आज संघाची बैठक. भयंकर झालं.

अर्नाक आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण, ऐंशी पार केलेली. उन्हाळा लागला की गाव सोडते आणि खाडीच्या टोकावर तंबू ठोकून एकटी राहते. बैठकीला कधी येत नाही. आज सायमनीच्या चारचाकी मोटारसायकलवर मागे बसून आली. सायमनी माझा मेहुणा आणि संघाचा सभासद.

आत्या खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "हिवाळाभर तुम्ही त्यांच्याबद्दल बोलताय. मोजताय. भांडताय. त्यांना ऐकू जातं. ज्या घरात आपल्यावरून भांडण चाललंय, त्या घरी कोण जेवायला जाईल?"

हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. जनावरावरून भांडायचं नाही, त्याची टिंगल करायची नाही, त्याच्या आकड्याच्या बढाया मारायच्या नाहीत. मलाही माहीत आहे. पण मंडळापुढे न भांडता कसं चालेल?

मी उठलो. म्हटलं, "आत्या, कायद्यापुढे मौन म्हणजे—"

"हा," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मुख्यतः हा."

ठराव झाला. ते येऊन पहिली शिकार होईपर्यंत गावात कुणी त्यांचं नाव घ्यायचं नाही, आकडा उच्चारायचा नाही. सुनावणीतसुद्धा. सात सभासदांपैकी सहा मतं बाजूने. विरोधात मी. ठरावात नाव कसं लिहायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा चिटणीसाने तिथे मोकळी जागा सोडली.

तेव्हा या वहीतही आजपासून नाव नाही. 'ते'.

२८ जुलै

सायमनी दुकानात भेटला. "काय दाजी, आवाज बसला?" आणि मागे रांगेतल्या बायका हसल्या.

३० जुलै

आत्याकडे चहा आणि ताजी भाकरी घेऊन गेलो, म्हटलं समजावून पाहावं. तंबूचं तोंड पाण्याकडे. धुकं इतकं की पाणी दिसतच नव्हतं. आत्या निवांत बसलेली, कसली काळजी नाही. गावाच्या हिवाळ्याचा प्रश्न आहे आणि ही बसून मोजे शिवतेय!

मी नियम समजावला. सुनावणीत संघाच्या सातपैकी पाच जण सुरुवातीपासून पाच वाजेपर्यंत हजर हवेत. नसतील तर सुनावणी झालीच नाही असं धरतात आणि मसुदा जसाच्या तसा लागू होतो. हजर राहून गप्प बसलो तरी मसुदाच लागू. म्हणजे बोललो तर 'ते' जाणार आणि गप्प बसलो तर टॅग जाणार.

आत्या म्हणाली, "गप्प बस. ऐक."

मी ऐकलं. चांगलं मिनिटभर ऐकलं. मग मला रोमच्या सभागृहातला एक प्रसंग आठवला, तो तिला सांगितला. अगदी लागू पडणारा होता.

चहा संपला. तिने पेला उपडा ठेवला.

३ ऑगस्ट

भाषण सत्तावीस पानं. बोलायचं नाही, पण लिहिण्यावर ठरावात बंदी नाही. पाठपोट लिहिलं नाही, एका बाजूलाच, मोठ्या अक्षरात. त्यांचं नाव एकशे सहा वेळा येतं. मोजलं आणि मग मोजल्याचं वाईट वाटलं.

मियाली म्हणते, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, घरातलं घड्याळ वाजतं हे तिला या आठवड्यात कळलं.

८ ऑगस्ट

इक्वालुइतहून मंडळाच्या कचेरीचा फोन. बाई नवीन होती.

"तुमच्या संघाची साक्ष किती मिनिटांची धरू?"

म्हटलं, "साक्ष आहे, पण त्या विषयावर बोलता येणार नाही."

"कोणत्या विषयावर?"

"ते सांगता येणार नाही."

"मग मी नोंद काय करू?"

"तुम्हीच सुनावणी बोलावलीत बाई, विषय तुम्हाला माहीत असेलच."

तिने बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "तक्त्यात 'इतर' आहे. त्यात टाकते. चाळीस मिनिटं."

११ ऑगस्ट

धुक्याने विमान दोन दिवस अडवलं होतं, आज उतरलं. मंडळाचे पाच जण, खोकी, हेडफोन. जीवशास्त्रज्ञ हेलेन ब्रॉडीही आली. मोजणी तिचीच. बाई वाईट नाही, तीन उन्हाळे आमच्या घरी जेवलीय. आमच्या दारातच तिने विचारलं, "यंदा किती दिसले?" मियालीने घाईघाईने तिच्या हातात माशाची ताटली दिली.

मंडळाचा अध्यक्ष लेवी, पलीकडच्या गावचा, इनुकच, म्हणजे आमच्यातलाच. त्याला बाजूला घेऊन ठरावाचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "माझी आजी हेच सांगायची," म्हणाला. मग टाय नीट केला. "पण मी इथे अध्यक्ष म्हणून आलोय, माणूस म्हणून नाही."

१२ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहितो.

धुकं सकाळीच उठलं. समुद्र तेलासारखा सपाट. सभागृहात शंभरावर माणसं. आत्या पहिल्या रांगेत. संघाचे सातही सभासद हजर. माझ्या खिशात सत्तावीस पानं, छातीवर विटेसारखी.

एक वाजता हेलेनने अहवाल वाचला. नाव आलं, आकडे आले, अधिक-उणे आले. दर आकड्याला म्हातारे बुटांकडे बघत होते. तीन बायकांनी टोप्या कानांवर ओढल्या. हेलेन बिचारी दोनदा थांबून म्हणाली, "फार वेगाने वाचतेय का?"

दोन वाजता लेवी म्हणाला, "आता शिकारी संघाची साक्ष."

मी उभा राहिलो. आणि काही बोललो नाही.

आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही. वाक्यं घशात रांग लावून उभी. पहिलं पान, ग्रीक, कायदा, प्रजा — सगळं तोंडपाठ. तोंड मिटलेलं. दुभाष्याच्या काचेच्या खोलीत मियाली माइकजवळ वाकून बसली होती आणि माझ्या मौनाचं इंग्रजी करत होती. पहिल्यांदाच शब्दही गाळला नाही. मंडळाच्या लोकांनी हेडफोन आणखी घट्ट दाबले. एकाने आवाजाची खुंटी वाढवली.

वीस मिनिटांनी मंडळाचा तरुण वकील म्हणाला, "साक्षीदार साक्ष कधी सुरू करणार?"

लेवी म्हणाला, "चालू आहे."

"पण ते काही मांडत नाहीयेत."

"मांडतायत. मध्ये बोलू नका."

वकिलाने वहीत लिहिलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

पावणेतीन झाले. तेव्हा ऐकू आलं.

फूऽश.

उघड्या खिडकीतून. सपाट पाण्यावरून येतो तसा, लांबचा पण अगदी कानाशी. मग दुसरा. मग एकामागून एक, पंधरा-वीस, शेकडो. पाण्याखालून वर येऊन सोडलेले श्वास. सभागृहातलं एक माणूस हललं नाही. सगळ्यांचे डोळे मात्र बदलले. सायमनीच्या ओठाला घाम. संघातला म्हातारा टॅगालिक रडत होता.

आणि हेलेन — अहो, जिच्या एका मोजणीवर आमचा हिवाळा ठरणार ती हेलेन — खिडकीपासून चार हातांवर बसून, कानांवर हेडफोन घट्ट दाबून, माझ्या मौनाचं भाषांतर लक्षपूर्वक ऐकत होती!

एक वाक्य पुरलं असतं. "बाई, ते काढा." पंधरा वर्षं बोलतोय, त्यातलं हे एकच वाक्य उपयोगी पडलं असतं, आणि तेच बोलायची सोय नाही; साक्षीत उच्चारलेला प्रत्येक शब्द त्यांच्याबद्दलचाच धरला जाणार.

मी जागा सोडली. चालत तिच्याकडे गेलो आणि तिच्या कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी उचलले.

तिने रागाने वर पाहिलं. मग तिचा राग कुठेतरी गेला. खिडकीकडे वळली आणि तिथेच उभी राहिली.

मागे खुर्च्या पडल्या. सभागृह दोन मिनिटांत रिकामं, किनाऱ्यावर बोटींची इंजिनं सुरू. सायमनी दारात थांबला. संघाचे सात, पाच लागतात, म्हणजे दोघेच जाऊ शकतात. त्याने हिशेब माझ्याआधी केला होता. "दाजी, तुम्ही अध्यक्ष," एवढं म्हणून गेला.

तेव्हा आम्ही पाच म्हातारे, लेवी, वकील, काचेत मियाली, आणि आत्या. पाच वाजेपर्यंत. कायद्याने बसलेले. खाली पाण्यावर सुळे एकमेकांवर टेकत होते आणि वकील विचारत होता की ही विश्रांती धरायची की साक्ष.

हेलेन खिडकीत पेन्सिल घेऊन पुटपुटत होती. कागद हवा होता. तिच्या एकशे चौदाही पानांच्या दोन्ही बाजू छापलेल्या. मी खिशातून भाषण काढलं. कोरी बाजू वर करून एकेक पान देत गेलो, तिने एकेक पान रेघांनी भरलं. सत्ताविसावं पान भरलं तेव्हा पाचाला सात मिनिटं होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं, काही म्हणाली नाही. पाहुण्यांना तेवढी सूट असते.

आकडा इथे लिहीत नाही.

लेवी म्हणाला, "पुरावा क्रमांक नऊ. स्वीकारला." आणि पाचाच्या ठोक्याला टाय काढून खिशात कोंबला. "चला, आता माणूस म्हणून विचारतो, कुणाच्या बोटीत जागा आहे?"

१३ ऑगस्ट

मत्ताक. तीन वेळा. लिहायला हात कोरडे नाहीत.

२६ ऑगस्ट

मंडळाचा निर्णय आला. टॅग साठच. नवीन मोजणी होईपर्यंत हात लावणार नाहीत.

कारणं दोन. एक, पुरावा क्रमांक नऊ. दोन, "त्याच पुराव्याच्या मागच्या बाजूस आढळलेले सविस्तर निवेदन". त्यांच्या कचेरीने सत्तावीसच्या सत्तावीस पानांचं भाषांतर केलंय! ग्रीकांसकट! इतिवृत्तात मात्र: "संघाध्यक्ष (उभे राहून): शांतता. पन्नास मिनिटं. संघाध्यक्ष (बसून): शांतता."

मियालीला दाखवलं. म्हणाली, "बघ, इतकं कमी बोललास आणि सगळं पोचलं." सायमनी म्हणतो, दाजींचं पुढचं भाषण आधी रद्दीत टाकू, मग मंडळ वाचेल.

जेवताना मी दोन्ही हसण्यावारी नेलं. पण कारण दोन मी चार वेळा वाचलं. रेडिओवर वाचून दाखवायचा मोह होतोय.

२९ ऑगस्ट

आत्याचा तंबू उतरवायला टोकावर गेलो. खुंट्या उपटताना म्हटलं, बारा तारखेला आले म्हणून बरं, नाही तर यंदा काही खरं नव्हतं.

"बारा तारखेला?" आत्या म्हणाली. "ते जुलैतच आले. धुक्यात. रोज सकाळी इथे, या दगडापाशी. तू चहा घेऊन आलास तेव्हाही होते."

माझ्या हातातली खुंटी हातातच राहिली. "आत्या! अख्खं गाव जीव टांगून बसलं होतं. मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी अजून चार वर्षांचा आहे.

"त्यांच्याबद्दल बोलायचं नसतं."