तिसरा गिअर धरणारी पोर

बाबा, आमच्या व्हॅनचा गिअरबॉक्स खाली उतरवला त्या दिवशी मी तुम्हाला दिवसभर शिव्या दिल्या. मनातल्या मनात दिल्या, कारण मेलेल्याला मोठ्यानं बोललं की लोक म्हातारी बिघडली म्हणतात. व्हॅन तुमच्या नातवाची, म्हणजे माझ्या लेकाची. घेतली तीच जुनी. कापसाच्या हंगामात तो गावच्या वेचणाऱ्या बाया घाटाखालच्या शेतांवर पोचवतो. यंदा तिचा तिसरा गिअर सुटायला लागला. चढावर नाही, उतारावर. अॅक्सिलेटरवरून पाय काढला की खट्ट होतं, दांडा मधे येतो आणि भरलेली गाडी मोकळी पळते. मग सगळा जीव ब्रेकवर. लेकानं त्यावर काय अक्कल काढली, तर आपली सातवीतली पोर दोन सीटांच्या मधे गोणपाटावर बसवली. "उतार आला का दोन्ही हातानं दांडा धर," म्हणे. बारीक आहे, मावते तिथं. शाळेचं विचारलं तर म्हणतो, "हंगाम झाला का जाईन ना पोरगी."

हे बोलणं मी आधी ऐकलेलं आहे. तुमच्याच तोंडून.

शेठच्या कापडाच्या गाठी घेऊन तुम्ही त्याचीच जीप उटनूरच्या बाजाराला न्यायचात. तिचाही तिसराच सुटायचा. मी चौथीत होते. मास्तर घरी आले, तुम्ही त्यांना चहा पाजला आणि म्हणालात, "शेठ गाडी खोलू देत नाही मास्तर. पोरगी चार दिवस धरून बसते, मंग पाठवतो." ते चार दिवस संपलेच नाहीत. अजून आठवतं. घाट लागतो, तुम्ही बिडी ओठात दाबता, मान हलवता, आणि मी दांड्याला बिलगते. थरथर पार खांद्यापर्यंत चढते. एकदा रस्त्याकडेला मोर दिसला, म्हणून मी हात सोडला. खट्ट! तुम्ही चाक कडेच्या मातीत घातलं तेव्हा कुठं जीप थांबली. मारलं नाही. एवढंच म्हणालात, "हात हायेत का भेंड्या?" बाजारात जिलबी घेऊन दिली. मी सगळी खाल्ली.

म्हणून लेकाला म्हटलं, "पोरीले उतरव."

"आई, चार दिवसाचं काम हाये."

"मले चार दिवस नको सांगू. माझे अजून संपले नाही."

"व्हॅन खोलली त बाया दुसऱ्या गाडीनं जातीन. मंग पुऱ्या हंगामाले आपल्याकडे कोन येते?"

खोटं बोलत नव्हता तो. कापूस कोणासाठी थांबत नाही. पण मी म्हटलं, "मंग मी बसते मधात. गेली त म्हातारीच जाईन." त्यावर सून आतून म्हणाली, "आत्याबाई, तुमी मावान का तिथं?" सगळे हसले. मीही हसले, पण व्हॅनची चावी कमरेला खोवून टाकली.

उटनूरचा मिस्त्री आला. माणूस तेलुगू, पण आमच्याशी हिंदीत बोलतो. आधी गाडीखाली शिरला. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जो रॉड जातो, त्याच्या सांध्यातला बुश झिजून ढिला झाला होता. तो बदलला, रिकामी गाडी उतारावर फिरवून आणली. नाही सुटला. लेकाचं तोंड असं फुललं की विचारू नका. मी म्हटलं, "रिकाम्या गाडीत कालही सुटत नव्हता. बाया बसवा." बाया डबे घेऊन उभ्याच होत्या, वरातीला चढाव्या तशा चढल्या. एकीनं विचारलं, "काकू, आमी मेलो त आमचा कापूस तुमी वेचान का?" गावाबाहेरच्या छोट्या उतारावर मिस्त्रीनं हळू हळू नेली, दांड्याला कोणी हात लावला नाही. पाय काढला, आणि खट्ट. गाडी वळवून आणली आणि जॅक काढला.

आतून जे निघालं ते माझ्या तळहातावर ठेवलं त्यानं. दोन बोटांचा लोखंडी आकडा; गिअर बदलताना तो फिरती कडी सरकवतो. त्याचं एक बोट जुन्या विळ्यासारखं पातळ झालेलं. कडीचे दातही गोल झाले होते. आणि दांडा जागेवर थांबावा म्हणून एक गोळी आणि मागं स्प्रिंग असते, ती स्प्रिंग दमलेली. मी म्हटलं, "धरून ठेवला म्हणून त एवढा टिकला." मिस्त्री म्हणाला, "नहीं अम्मा. पकड के बैठे तो येइच घिसता." कडी आत फिरत राहते, आणि हात आकड्याला तिच्यावर दाबत राहतो. उतार निभतो, आकडा झिजतो.

मी ओट्यावर बसून राहिले. एवढ्याशा स्प्रिंगसाठी मला शाळेतून काढलं. आणि धरून धरून मी जीप वाचवत नव्हते, खात होते. पुढं ती भर बाजारात अडकली, शेठनं भंगारात काढली, आणि तुम्ही शेठला शिव्या घालत दुसऱ्याच्या ट्रकवर गेलात. तुम्हाला हे ठाऊक होतं का, बाबा? मला वाटतं, ठाऊक होतं. दुसरं करणार काय होतात?

आदिलाबादेतल्या एका भंगार व्हॅनमधून कडी आणि आकडा आणला, स्प्रिंग नवी टाकली, तेल भरलं. तोवर निम्म्या बाया दुसऱ्या गाडीनं जायला लागल्या. त्या काही परत आल्या नाहीत. लेक माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पण भरलेली गाडी घाट उतरली आणि तिसरा जागेवर राहिला. पोर शाळेत गेली.

पोरही रुसली आहे. बसची वाट पाहत उभी होती, मी डबा द्यायला गेले तर म्हणते, "तुले काय पडलं होतं वं आजी? बाबा रस्ताभर माझ्यासंग बोले. साऱ्या बाया मले ड्रायव्हरीन म्हणत." मी म्हटलं, "शाळेत जाऊन ड्रायव्हरीन हो." बस आली, डबा न घेताच चढली.

तुमच्यावरचा राग खरा आहे, बाबा, तो मी मागं घेत नाही. पण त्या वेळी कोणी मला जीपमधून उतरवायला आलं असतं, तर मी त्याच्या हाताला चावले असते. शाळेची आठवण मला एकदाही आली नव्हती. हे लिहिलं खरं, पण घरात ठेवता यायचं नाही. पोरीला वाचता येतं.