यंदाचा किल्लेदार

सोमवार, ७ एप्रिल
ऊन. पंखा गरम हवाच फिरवतोय. सकाळी लक्ष्मी येऊन गेली. एके काळची माझ्या वर्गातली, आता बँकेत. शिवाय आमचं नाट्यमंडळ तीच ओढते. म्हणाली, "सर, 'दिंडीदरवाजा' परत करायचं. नव्या नटांना घेऊन. निवड तुम्ही करायची."
नको म्हणालो. दोनदा. मग चहा झाला आणि हो म्हणून बसलो.
ती गेल्यावर जिवाला लागलं. आमच्या मंडळानं हे नाटक जेव्हा जेव्हा केलं, किल्लेदार याकूबच. भवानी पेठेतला याकूब टेलर. मी विंगेत, हातात संहिता. पण त्याला शब्द पुरवायची वेळ कधी आली नाही. आता दुकान मुलगा बघतो. याकूब बाहीचं माप घेतो आणि लिहायच्या आत विसरतो. परवा सख्ख्या नातीला "तू कुणाची ग?" म्हणाला.
लक्ष्मीला हे ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही.

बुधवार, ९ एप्रिल
संध्याकाळी टीव्ही. मालिकेतला प्रत्येक चेहरा उचलून नाटकात बसवून पाहिला. ती खाष्ट सासू: किल्लेदारीण म्हणून चालेल, पण भुवया आवरायला हव्यात. तो गुळगुळीत दाढीवाला: फितूर कारभारी, रंगवायची गरज नाही. किल्लेदार मात्र कुणीच नाही. ही मुलं कुजबुजतात. शर्टाला माइक लावलेला, ओरडायचं कशाला. वर्गात कविता म्हणायला उभी राहिलेली पोरं आठवली. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही तर मी परत म्हणायला लावायचो. तेव्हा रागवायची. आता कुठं कुठं असतील.
कंटाळा आला. बंद केला.

शनिवार, १२ एप्रिल
निवड. शाळेचा हॉल. आमच्या मंडळाची जुनी रीत: निवडणारा रंगमंचाकडे पाठ करून बसतो. शेवटच्या रांगेतल्याला चेहरा दिसत नाही, आवाजावरच नाटक बघावं लागतं त्याला, म्हणून. नव्या पोरांना गंमत वाटली. एक जण हळूच म्हणाला, "आजोबा रुसलेत का?"
गोदेच्या, म्हणजे किल्लेदाराच्या पोरीच्या, कामाला लक्ष्मीची भाची, श्रावणी, पक्की. घरात तेलुगू, पण मराठी खणखणीत. बाकी यथातथा.
मग विकास. जेऊरचा. एका मालिकेत फौजदार होतो, त्यामुळे चार लोक सेल्फी काढायला आलेले. तिकिटं त्याच्या नावावर खपतील असं लक्ष्मीचं म्हणणं. आधी मला येऊन भेटला.
"सर, येक इच्यारू? ह्यो बाप दार का उघडत न्हाय?"
सांगितलं. गडावर एकदा दगा झालेला. तेव्हापासून किल्लेदाराचा शब्द, की दिवस बुडाला की दार उघडणार नाही, कुणीही येवो. एके दिवशी त्याचीच पोर, गोदा, जत्रेहून यायला उशीर करते. मागं शत्रूचे स्वार. ती हाक मारते. तो आतून ऐकतो.
"आन् उघडत न्हाय?"
"शब्द दिलाय त्यानं."
"कुणाला?"
"गडाला."
"गड काय व्हॉट्सॲप करनार हाय व्हय, का उघडलं म्हनून?"
हॉल हसला. मीसुद्धा. मग पाठ फिरवून बसलो, म्हटलं बघू फौजदार काय करतो.
त्यानं पहिलं वाक्य टाकलं आणि माझ्या मानेवर काटा आला. मालिकेत कुठं लपवतो हा आवाज कोण जाणे. गावाकडची पट्टी, छातीतून येणारी. वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.
लक्ष्मीला म्हणालो, दोन दिवसांनी सांगतो.

रविवार, १३ एप्रिल
याकूबला कळलंच. उन्हात टोपी न घालता आला. दारातूनच, "क्या रे मास्तर, किल्लेदार बदलतोयस आणि किल्लेदाराला पत्ता नाही?"
बस म्हटलं. बसला नाही.
"मी अजून जिता आहे ना?"
"आहेस की."
"मग माझी पण निवड कर. बाकीच्यांसारखी. पाठ करून बस. मुलाहिजा नको."
सरबत दिलं. घोटभर पिऊन म्हणाला, "हे एकदा करू दे यार. पुढच्या साली मला हे नाटक कुठलं ते तरी आठवेल का?"
म्हणजे त्याला माहीत आहे. मी उगीच लपवत होतो, त्याच्यापासूनच.

मंगळवार, १५ एप्रिल
लिहावंसं वाटत नाही. तरी.
संध्याकाळी हॉल. लक्ष्मी, श्रावणी, विकास, दोन-चार पोरं. मी पाठ करून. लक्ष्मीनं मागे खरा दरवाजा उभा केलेला, लाकडी, आडवा अडसर असलेला. कुठल्याशा गोदामातून आणलाय.
याकूबनं सुरुवात केली. आवाज खाली गेलाय, कडेला फाटतो. पण शब्द सगळे. एकेक, धुवून वाळत घातल्यासारखे. मला तर विंगेतला धुळीचा वास यायला लागला. म्हटलं, जमलं. हाच. विकासला दुसरं काही देऊ.
मग श्रावणीची हाक: "आबा, मी आले. दार उघडा."
इथं किल्लेदार गप्प राहतो. याकूबचं ते गप्प राहणं हेच नाटक. लोक श्वास धरून बसायचे. मीही धरला.
पहिल्यांदा गप्प. दुसऱ्या हाकेला गप्प. तिसरी हाक झाली आणि मागं लाकूड घासल्याचा आवाज आला. मग अडसर जमिनीवर पडला. केवढा आवाज झाला तो.
मी वळलो. दार सताड उघडं. याकूब श्रावणीचा हात धरून उभा, तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. "आओ बेटा, आओ. लई उशीर केलास. जेवलीस का?"
श्रावणी रडायला लागली. "जेवले," म्हणाली बिचारी.
कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलं नाही. विकासनं तेवढा अडसर उचलून भिंतीला टेकवला.
याकूबला रिक्षातून घरी सोडलं. वाटेत म्हणाला, "बरं झालं ना रे?" हो म्हणालो. काय बरं झालं ते ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं.

बुधवार, १६ एप्रिल
दिवसभर अंग जड. लक्ष्मी आली. घाईत, पदर खोचून.
"सर, प्रयोगात असं झालं तर?"
"तर पोर वाचेल."
"सर!"
मग मऊ झाली. "मलाही याकूबचाचांसाठी वाटतं हो. पण पुढचा सगळा अंक तिच्या मरणावर उभाय. हॉलभर लोकांसमोर चाचा उभे राहिले आणि त्यांना कळलंच नाही आपण कुठं आहोत, तर? त्यांची शोभा आपणच करायची?"
तिचं बरोबर आहे. विकासचाही निरोप दिला तिनं: शूटिंगच्या तारखा द्यायच्या हायत, व्हय का न्हाय तेवढं सांगा. त्याचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे, हीच कटकट. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाव सांगायचं ठरलं. याकूबला मी सांगायचं, हेही.

गुरुवार, १७ एप्रिल
भवानी पेठेत गेलो. दुकानासमोरून दोनदा पुढं गेलो. याकूब आत, मशीनवर काहीतरी शिवत होता. मान खाली. परत आलो. जेवलो नाही, नुसतं ताक.

शुक्रवार, १८ एप्रिल
तोच आला. बगलेत गाठोडं. किल्लेदाराचा जुना अंगरखा. पोटाशी कळी घालून मोठा केलाय, टीप सरळ, त्याचीच. अंगात घालून दाखवला.
"मास्तर, मंगळवारी मी दार उघडलं ना?"
म्हटलं, हो.
"घरी जाऊन रात्री कळलं. उघडायचं नसतं ते." मग अंगरख्याच्या बंदांशी खेळत बसला. "एक सांगू? इतके खेळ केले, दर वेळी हात सुटायचा अडसराकडे. धरून ठेवायचो. आता हाताला कोण धरणार."
सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंसुद्धा मी. तेवढ्यात तो उठून खोलीच्या मधोमध उभा राहिला. "पुन्हा घे. आज नाही चुकणार. श्रावणीचं तू म्हण."
पाठ फिरवून बसलो. त्यानं सगळं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि हाकेच्या जागेवर येऊन थांबला.
आता मी म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कळलं असतं, आज हात आवरतो की नाही. मग लक्ष्मीला नाव सांगता आलं असतं, हे किंवा ते.
फोन वाजायला लागला. लक्ष्मीचाच. मी वळलो नाही, फोन घेतला नाही.
मागून याकूब म्हणाला, "बोल ना मास्तर. मी थांबलोय."