पोटावर झोपणाऱ्याची शर्यत

रविवार, १० जून १८९४. सकाळी सव्वासहा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सायकलची साखळी सुटी करून बसलोय. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलंय, तरी लेओनी ओरडलीच — "दादा, ह्याच टेबलावर मला पाव कापायचाय!" वयानं धाकटी, पण आई गेल्यापासून घरात तिचंच राज्य.

सायकल माझी नाही, फायोलसाहेबांची. त्यांचं दुकान वर, चर्चच्या चौकात. काल चार माणसांसमोर ते जे बोलले ते इथं नीट लिहून ठेवतो. पुढच्या रविवारी क्लेर्मों ते लियों आणि परत अशी शर्यत आहे. ह्याच सायकलवर तीस तासांच्या आत परत आलो आणि निकालाच्या यादीत नाव लागलं, तर दुकानातली दुरुस्तीची जागा माझी. उभं राहून काम! उजेडात! नाही जमलं, तर सायकल परत आणि मी पुन्हा फळीवर.

फळी आमची नदीकाठच्या तळघरात. तिच्यावर पालथं झोपायचं, खाली दगडी चाक फिरतं, त्यावर नाकाखाली सुऱ्यांना धार लावायची. तेराव्या वर्षापासून हेच. शेजारच्या फळीवर बाबा. पाय गारठू नयेत म्हणून त्यांवर आमची कुत्री मितेन — थोडा वेळ बाबांच्या, थोडा वेळ माझ्या.

बाबा म्हणाले, "सोवादांच्या घरात आजवर सगळ्यांनी पोटावर झोपून पोट भरलं. आपला हा आन्सेल्म उभ्यानं भरणार!" हसायला गेले आणि खोकला आला. दगडाची धूळ.

मंगळवार, १२ जून. रात्री.

भीती वाटते. सगळे नट तीनदा तपासले. चौथ्यांदा उठलो तर लेओनी दिवा घेऊन निघून गेली.

गुरुवार, १४ जून.

पलीकडच्या फळीवरचा म्हातारा दोझोल्म आज दिवसभर माझ्यावरच धार लावत होता. "तीस तास? अरे, मला लियोंला जाऊन यायला आठवडा लागला होता. त्यातले चार दिवस तर पहिल्याच गुत्त्यातून बाहेर पडलो नव्हतो!" अख्खं तळघर हसलं. बाबाही.

सुट्टी झाल्यावर मात्र हळूच म्हणाला, "डोंगराच्या उतारावर वेग आवरायला मागं पाइनची फांदी बांध. जाड. नाहीतर थेट पाद्र्याच्या मांडीवर जाऊन बसशील."

शनिवार, १६ जून. क्लेर्मों. खानावळीतली खोली.

वाटेत कोणी सायकल बदलू नये म्हणून आज सगळ्यांच्या सायकलींना सील लावलं. सांगाड्याला तार, तारेत शिशाचा मणी, मण्यावर शर्यत भरवणाऱ्या क्लबाचा ठसा. माझा नंबर एकतीस.

पॅरिसची पोरं आलीत, पांढऱ्या टोप्यांची. प्रत्येकापुढे राहून आळीपाळीनं वारा अडवायला सहा-सहा साथीदार! एकानं विचारलं, "तुझ्यापुढे कितीजण?"

"कोणी नाही."

"अरे वा. मग सगळा देखावा तुलाच दिसणार."

संध्याकाळी सायकल पुसली. दोनदा. सीलची कड फारच ओबडधोबड होती, बोटाला बोचत होती. असलं काम आमच्या तळघरातून बाहेर पडलं असतं तर बाबांनी तोंड दाखवलं नसतं. खिशात लहानसा दगड असतोच. दोन मिनिटांचं काम. आता मणी कसा नदीतल्या गोट्यासारखा लागतो!

रविवार, १७ जून. पहाट. सुटायच्या रेषेपाशी.

अरे देवा! ठसा!!

मंगळवार, १९ जून. घरी.

काल घरी आल्यापासून झोपलो होतो. आता क्रमानं लिहितो, काही सुटायला नको.

रेषेवर तपासनीस एकेका सीलवर बोट फिरवत आले. माझ्यापाशी थांबले.

"एकतीस, ठसा कुठंय?"

"कड बोचत होती साहेब, म्हणून जरा घासली."

"जरा?"

पांढऱ्या टोप्यांना हसू आवरेना. तपासनीस म्हणाले, नियमानं बाद. माझा चेहरा बघून त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "असं कर. जा. वाटेत तुमच्या तिएर गावात जी चौकी आहे, तिथं मी तार करतो. सायकल हीच, असं तिथला तपासनीस लिहून देत असेल तर ठीक. नाहीतर तिथंच उतर."

तिएरचा तपासनीस म्हणजे ब्रुजेर! सुऱ्यांचा कारखानदार. त्यांना हसताना गावात कोणी पाहिलेलं नाही. तिएरपर्यंतचा रस्ता कसा गेला, मला आठवत नाही.

चौकी कॅफेच्या दारात. गल्लीभर माणसं. दोझोल्म खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "आला आला! अजून गुत्त्यात शिरला नाही!" ब्रुजेरसाहेबांच्या हातात तार. ते उकिडवे बसले, मण्यावर अंगठा फिरवला. एकदाच.

"कुणाच्या हाताखाली शिकलास?"

"बाबांच्या. सोवाद."

"तरीच." उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धारवाल्याच्या पोराला क्लेर्मोंच्या लोकांनी खरखरीत शिसं दिलं. मग दुसरं काय होणार?" आणि हसले! मी पाहिलं. पुष्कळांनी पाहिलं.

आमच्याकडे प्रत्येक उस्तादाची आपापली खूण असते. गावाच्या साक्षीनं ती धातूच्या पाटीवर ठोकून ठेवलेली असते. दुसऱ्याची खूण वापरणाऱ्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही. ब्रुजेरसाहेबांनी कारखान्यातून स्वतःच्या खुणेचा पोलादी ठसा मागवला. चंद्रकोर. मण्याखाली छोटी ऐरण धरली, वर हातोडीचा एक टोला!

"तार करा क्लेर्मोंला. म्हणावं, ही सायकल आता ब्रुजेर अंधारातही ओळखेल. खोटं वाटत असेल तर इथं या आणि माझ्या तोंडावर सांगा." मग माझ्या कानाशी — "आता हा घासलास तर बोटं मोडीन."

मी चौकीच्या वहीत सही केली. घाईत शेवटचं अक्षर दुसऱ्याच्या रकान्यात गेलं. त्याची माफी मागायला हवी होती.

बाबा गर्दीच्या मागं मितेनला धरून उभे होते. लसणीचं सॉसेज माझ्या खिशात कोंबलं. म्हणाले, "मान खाली. फळीवर आहेस असं समज."

आणि खरंच तसंच झालं! डोंगर सायकल ढकलत चढलो. उतारावर मागं फांदी बांधली, पाय गरगरत्या पायडलांवरून काढून पुढच्या खुंट्यांवर टाकले, आणि ती फांदी धुळीचा असा लोट उठवत आली की मागून कोणी येत असेल तर त्याला शिव्या द्यायलाही तोंड उघडता आलं नसेल. मी मोठ्यानं गात होतो. एकटाच. गाणं येत नाही तरी!

पुढच्या सपाटीवर पांढऱ्या टोप्या दिसायला लागल्या. एकेकजण कंबर धरून ताठ बसलेला. मी सायकलवर आडवा. शनिवारचा तो देखाव्यावाला म्हणाला, "तुझी पाठ दुखत नाही?"

"दुखायची थांबली. नऊ वर्षं झाली."

"कोण शिकवतं रे हे तुला?"

"दगड," मी म्हणालो. त्याला वाटलं मी शिवी दिली!

लियोंमध्ये पोरींनी चेरी फेकल्या. तीन तोंडात पकडल्या, एक डोळ्यात. थंड कॉफी, अर्धा पाव, सही, परत. रात्री पाय फार गारठले. मितेनची सवय. तिएरला पुन्हा सही. त्या वेळीही दोझोल्म तिथंच, फक्त आता खुर्चीखाली. सोमवारी ऊन चढल्यावर क्लेर्मोंचं काळं चर्च समोर दिसलं आणि मला रडू आलं. धुळीमुळे, असं सांगितलं.

नववा! तीस तासांना अजून दीड तास बाकी होता. माझ्यापुढे वारा अडवायला कोणी नव्हतं, आणि नववा!

शनिवार, २३ जून.

वर्तमानपत्रात यादी आली. नववा — आन्सेल्म सोवाद, तिएर. छापील. चार वेळा वाचलं, बरोबर आहे.

फायोलसाहेब म्हणाले, "सोमवारी सात वाजता. हात धुऊन ये."

लेओनीनं अंड्याचा केक केला. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून टोपीत ठेवलं आणि भेटेल त्याला टोपी काढून दाखवलं. घरी येताना आमच्या गल्लीच्या चढावर ते तीनदा थांबले. तिन्ही वेळा म्हणाले, "थांब, जरा यादी बघू दे." तिसऱ्या वेळी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं.

सोमवार, २५ जून. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

फळीवरून लिहितोय. माझ्याच. शेजारची फळी रिकामी आहे.

बाबा सकाळी पांढरा सदरा घालून फायोलसाहेबांच्या दुकानात गेले. काल मी म्हणालो होतो, माझी जागा बाबांना द्या, तेव्हा साहेब माझ्यावर ओरडले होते, "मी जागा सायकलस्वाराला दिली होती, त्याच्या बापाला नाही!" मी म्हणालो, सायकलस्वार कुठं जातोय? सप्टेंबरची शर्यत तुमच्याच सायकलवर. आणि पाठ तयार ठेवायची तर फळी लागतेच. त्यांनी हात पुढं केला.

खर्च : खानावळ तीन फ्रँक. परतीचं रेल्वेचं तिकीट दोन फ्रँक. चेरी फुकट.
देणं : फायोलसाहेबांना, एक शर्यत.