वेदरकोमच्या खेळपट्टीचे थर

रेडिंग,
१२ सप्टेंबर १९९४

ती. ॲम्ब्रोजकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा मातीचा नमुना तपासून झाला. चेंडू गुडघ्याच्या वर उसळत नाही म्हणून कमिटी पुढच्या महिन्यात अख्खी खेळपट्टी यंत्राने उकरून टाकणार आहे, त्याआधी दोष कुठे आहे ते सांग, असं तुम्ही लिहिलं होतं. सांगते.

एकशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर खाली मूळचं कुरण लागतं. त्यावरची सगळी माती माणसांनी दर हंगाम संपल्यावर ओढ्यावरून आणून पसरलेली आहे. वर्षाला दीड मिलिमीटर. भिंगाखाली मी एकशे तेवीस रेघा मोजल्या, थेट १८७१ पर्यंत. मग काम बाजूला ठेवून नुसती बघत बसले. प्रयोगशाळेत मी असं करत नाही.

युद्धाच्या वर्षांच्या रेघा फार बारीक आहेत, पण एकही गाळलेली नाही. पुरुष तर तेव्हा बाहेर होते. मग हे कुणी केलं?

दोष चौपन्न मिलिमीटरवर आहे. तिथे वाळूचा थर आहे. गवताची मुळं तिथवर जातात आणि आडवी वळतात. हिशोबाने ते साल १९५८ येतं, म्हणजे आजोबांनंतर खेळपट्टी तुमच्या हाती आली ते पहिलं. काही आठवतं का?

या निकालाने आपला लोभ कमी होऊ नये.

रोवेना

वेदरकोम,
१६ सप्टेंबर

चि. रोवेना हिस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी साखरेत घोळून देणं तुझ्या बापालाही कधी जमलं नाही. असो.

युद्धात माती तुझी आजी आणि पाववाल्याची बायको आणायच्या, बाळाच्या ढकलगाडीतून. गाडीत तुझी मेबलआत्याही असायची. सगळ्या मैदानात बटाटे लावले होते, पण खेळपट्टीला नांगर लावाल तर पाव मिळणार नाही, असं पाववालीने सरकारी माणसाला सांगितलं होतं.

आता वाळू. त्या वर्षी पानगळीत ओढ्याला पूर होता. मी बांधकामवाल्याकडून गाडीभर वाळू आणली. बाबा अंथरुणावर होते. माती ओढ्याचीच ना, असं रोज विचारायचे. मी हो म्हणायचो. नाताळात ते गेले. पुढे चेंडू खाली राहायला लागला तेव्हा मी बॅट्समनना शिव्या घातल्या.

अहवालातून तेवढी एक ओळ गाळता येईल का? काकावर तेवढी माया असू दे.

ॲम्ब्रोज

रेडिंग,
१९ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न.

ओळ गाळता येणार नाही. पण वाळूखालची एकशे तीस मिलिमीटर माती निरोगी आहे. वरचा थर खरवडला की पुरे. मात्र एका नमुन्यावर कमिटी विश्वास ठेवणार नाही. वाळू एकदाच पडली आणि तिच्याखाली कुठेही नाही, हे सांगू शकेल असा माणूस एकच आहे.

वरचा थर म्हणजे तुमची छत्तीस वर्षं. हे मला मोजता येतं. त्यापुढचं तुम्ही ठरवा. काही ठरवलंत तरी मी तुमचीच आहे.

रोवेना

वेदरकोम,
९ ऑक्टोबर

चि. रोवेना हिस,
आशीर्वाद.

सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, बाबांशी खोटं बोललो तेही. मग अध्यक्ष क्लाइव्ह म्हणाला की म्हातारबा, माझे सात भोपळे आता तुझ्या नावावर लिहायला हवेत. सगळे हसले. यंत्र रद्द झालं.

काल फावड्याने खरवडायला घेतलं. माझं सगळं निघालं, वाळूसकट. खाली बाबांची शेवटची खेळपट्टी जशीच्या तशी होती. दोन्ही टोकांना बोलरच्या पायांनी पडलेले खड्डे त्यांनी बुजवले होते, ते अजून गडद दिसतात. चर्चच्या टोकाचा खड्डा स्टंपांच्या उलट बाजूला आहे, म्हणजे कुणीतरी डावखुरा होता. कोण ते गावात आता कुणाला ठाऊक नाही. क्लाइव्हने बूट काढून ठेवले. मीही काढले.

मग माती आणायला ओढ्यावर गेलो. पाणी उतरलं होतं.

ॲम्ब्रोज